कमरेचे पोलाद : प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्वसंरक्षणासाठी कपड्यांच्या आड भरलेले पिस्तूल बाळगण्याची मुभा आज प्रत्येक राज्याच्या कायद्यात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे, आणि त्या मुभेचा लाभ घेऊ पाहणारा नागरिक शस्त्रांच्या दुकानात जाऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे सर्वांत आधी वजनाचा प्रश्न येतो. जे पिस्तूल दिवसाचे बारा-चौदा तास कमरेला राहणार आहे ते हलके, पातळ आणि आखूड असावे असे शरीर सांगते. जे पिस्तूल भेदरलेल्या, घामेजलेल्या हातात क्षणार्धात स्थिरावायचे आहे ते जड, लांब आणि मूठभर असावे असे यंत्रशास्त्र सांगते. या दोन मागण्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या एका वर्गाचा, म्हणजे सबंध पोलादी बांधणीच्या आखूड पिस्तुलांचा, विचार प्रस्तुत ग्रंथात केला आहे. ज्याची नळी साधारण तीन ते चार इंचांची, एकूण लांबी सहा-सात इंचांची आणि रिकामे वजन सहाशे ते नऊशे ग्रॅमच्या दरम्यान असते, असे शस्त्र या वर्गात धरले आहे. दोनशे-तीनशे ग्रॅमची बचत करणारी प्लास्टिकच्या सांगाड्याची पिस्तुले बाजारात मुबलक असताना या जुन्या धातूकडे वळण्याचे कारण ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणात वेगवेगळ्या अंगांनी येते: कमरेला दिवसभर जो भार जाणवतो तोच गोळी झाडताना हाताला साथ देतो, आणि तो भार चुकवण्यासाठी निवडलेल्या शस्त्राचा सराव पुष्कळदा पहिल्या दोन पेट्यांच्या पलीकडे जात नाही.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण शस्त्राचा आकार तिनेही घडवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत उघडपणे शस्त्र बाळगणाऱ्याकडे कोणी वावगे म्हणून पाहत नसे, मात्र तेच शस्त्र लपवून बाळगणाऱ्याच्या हेतूविषयी संशय घेतला जाई. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले ते याच दृष्टीतून. केंटकीचा कायदा तेथील न्यायालयाने १८२२ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि १८५० मध्ये राज्याने आपली घटनाच बदलून विधिमंडळाला तसा कायदा करण्याचा अधिकार दिला. न्यूयॉर्कने १९११ च्या सलिव्हन कायद्याने अंगावर लपू शकेल अशा बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला, तर अशी शस्त्रे टपालाने पाठवण्यास १९२७ मध्ये संघराज्याने मनाई केली. प्रवाह उलटा फिरला तो मुख्यतः १९८७ नंतर. त्या वर्षी फ्लोरिडाने असा कायदा केला की ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला परवाना द्यावाच लागेल, अधिकाऱ्याच्या मर्जीला त्यात जागा राहणार नाही. पुढील पंचवीस वर्षांत बहुतेक राज्यांनी हा मार्ग धरला, सर्वांत मागे राहिलेल्या इलिनॉयने २०१३ मध्ये, तोही संघीय अपील न्यायालयाच्या निकालामुळे, आपली बंदी उठवली आणि २३ जून २०२२ रोजी ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'विशेष कारण दाखवा' ही अट रद्द केली. आजमितीस निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढ व्यक्तीला लपवून पिस्तूल बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही. परवान्याबरोबर बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाची आणि नेमबाजीच्या चाचणीची सक्तीही गेली, त्यामुळे एके काळी शासनाने नेमलेला परीक्षक जे प्रश्न विचारी ते आता बाळगणाऱ्याने स्वतःलाच विचारावे लागतात. प्रस्तुत ग्रंथाची गरज प्रामुख्याने येथून निर्माण होते.

या वर्गातील शस्त्रांचा वंश शोधू गेल्यास तो युटा राज्यातील ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५-१९२६) या संशोधकापर्यंत पोहोचतो. नळीवर मागे-पुढे सरकणारे पोलादी आवरण, ज्याला आज सर्वत्र 'स्लाइड' म्हणतात, आणि मुठीच्या पोकळीत बसणारे सपाट मॅगझिन यांची सांगड घालून ब्राउनिंगने जे पिस्तूल रचले ते बेल्जियममधील लिएजजवळच्या एर्स्ताल येथील एफ. एन. कारखान्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाजारात आणले, आणि त्यासाठीच त्याने ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे अमेरिकेत व भारतात .३२ या नावाने ओळखले जाणारे, काडतूस तयार केले. त्याच्याच आराखड्यावरून अमेरिकेतील कोल्ट कंपनीने १९०३ मध्ये काढलेले खिशातले पिस्तूल हे लपवून बाळगण्याच्या शस्त्राचा खरा आदिनमुना होय. त्याचा घोडा, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेल्या पिनेवर आघात करणारा भाग, स्लाइडच्या आत दडलेला असल्याने कपड्यात अडकत नाही. मुठीच्या मागच्या बाजूस असलेली दाबपट्टी हाताने पूर्ण आवळल्याखेरीज चाप काम करत नाही. आणि सबंध शस्त्राला एकही बोचरा कोपरा नाही. वजन सुमारे ६८० ग्रॅम. १९४५ पर्यंत अशी साडेपाच लाखांहून अधिक पिस्तुले तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सेनापतींना ती अधिकृतपणे दिली गेली. शंभर वर्षांपूर्वीचे हे शस्त्र आजही हातात घेतले की त्याची रचना किती विचारपूर्वक केली होती ते बोटांना कळते, आणि नंतरच्या अनेक नमुन्यांना हे साधलेले नाही, असे येथे स्पष्टपणे नोंदवणे योग्य होईल.

मराठी वाचकाला 'ब्राउनिंग' हे नाव परके नाही. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली आणि त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या पिस्तुलांचा आकार आणि सपाटपणा नसता तर ती अशा रीतीने समुद्रापार येऊ शकली नसती. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येसाठी वापरले गेलेले शस्त्र हेही एफ. एन. कारखान्याचे १९१० च्या नमुन्याचे छोटे पिस्तूल होते आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा प्राण घेणारे इटालियन बनावटीचे १९३४ च्या नमुन्याचे बेरेटाही याच वर्गातले, सबंध पोलादी आणि कोटाच्या खिशात मावणारे. स्वसंरक्षणाच्या हेतूने या शस्त्राचा अभ्यास करणाऱ्याने हे विसरून चालणार नाही, की जो गुण त्याला उपयुक्त वाटतो, म्हणजे समोरच्याला न दिसणे, तोच गुण या शस्त्राने केलेल्या मोठ्या अनर्थांच्याही मुळाशी आहे. लपवण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने स्वतःवरच्या बंधनांविषयी अधिक काटेकोर असले पाहिजे, ही या ग्रंथाची भूमिका तेथूनच आलेली आहे.

यानंतरची महत्त्वाची पायरी जर्मनीतील वॉल्थर कारखान्याने गाठली. १९२९ चे पीपी आणि त्यापाठोपाठ १९३१ च्या सुमारास आलेले त्याचे आखूड भावंड पीपीके यांत प्रथमच 'दुहेरी क्रियेचा' चाप यशस्वीपणे वापरला गेला. याचा अर्थ असा, की घोडा खाली उतरलेला असताना चाप ओढला तर तो आधी घोडा मागे नेतो आणि मग सोडतो, त्यामुळे पहिली ओढ लांब आणि पाच-सहा किलोंच्या जोराची असते; पहिल्या गोळीनंतर स्लाइडने घोडा मागे ढकलून ठेवलेला असल्याने पुढच्या ओढी आखूड आणि हलक्या होतात. भरलेले पिस्तूल घोडा उतरवून खिशात ठेवता यावे आणि तरी ते तत्काळ झाडता यावे, हा हेतू या रचनेने साधला. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने आयातीसाठी किमान आकाराच्या अटी घातल्या तेव्हा चार इंच उंचीच्या अटीत पीपीके किंचित कमी पडले, म्हणून कारखान्याने पीपीचा उंच सांगाडा आणि पीपीकेची आखूड स्लाइड एकत्र करून पीपीके/एस हा नमुना खास अमेरिकेसाठी काढला. त्यात एक गोळी जास्त मावली, मूठही बोटांना अधिक पुरली आणि अनेक जाणकारांना हा सक्तीचा बदल मूळ रचनेपेक्षा सरस वाटला.

आता धातूकडे वळता येईल. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल स्वीकारल्यावर प्लास्टिकच्या सांगाड्याविषयीची शंका हळूहळू मावळली आणि आज नव्या पिस्तुलांपैकी बहुसंख्य त्याच पद्धतीची असतात. ती टिकाऊ आहेत, घामाने गंजत नाहीत आणि स्वस्त पडतात, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही धक्क्याचे गणित धातूच्या बाजूने उभे राहते. गोळी आणि तिच्यामागचा वायू पुढे जातो तेव्हा तितकाच संवेग पिस्तुलाला मागे मिळतो आणि तो संवेग ठरलेला असल्याने शस्त्राच्या वाट्याला येणारी ऊर्जा त्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात राहते: एकच काडतूस ७०० ग्रॅमच्या पोलादी पिस्तुलातून आणि ५०० ग्रॅमच्या प्लास्टिकच्या पिस्तुलातून झाडले तर दुसऱ्याच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक असते. प्लास्टिक थोडे लवचिक असते आणि त्यामुळे हाताला जाणवणारा झटका काहीसा बोथट होतो, ही गोष्ट खरी, पण नळीचे तोंड उसळून पुन्हा लक्ष्यावर येण्यास लागणारा वेळ त्यामुळे भरून निघत नाही. दुसरा, आकड्यांत न मावणारा लाभ असा, की ज्या शस्त्राने तळहात दुखत नाही त्याने माणूस महिन्याकाठी पन्नास-शंभर गोळ्या आपणहून झाडतो, आणि शेवटी नेमकेपणा येतो तो अशा सरावातूनच.

मात्र केवळ वजन पाहून निवड केल्यास फसगत होते, कारण धक्का कसा पोहोचतो हे आतल्या यंत्रणेवरही अवलंबून असते. पीपीके किंवा जुने कोल्ट यांत नळी सांगाड्याला पक्की जोडलेली असते आणि गोळी बाहेर पडेपर्यंत स्लाइड मागे जाऊ नये हे काम केवळ स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा ताठपणा करतात. या रचनेला 'ब्लोबॅक' म्हणतात. ती साधी व अचूक असते, पण काडतूस जसे जोरकस होत जाते तशी स्प्रिंग ताठ आणि स्लाइड जड करावी लागते. परिणामी .३८० बोअरचे, म्हणजे ९ मिलिमीटरच्या आखूड काडतुसाचे, ब्लोबॅक पिस्तूल हाताला जो चटका देते तो त्याच वजनाच्या आणि त्याहून बऱ्याच अधिक दाबाच्या ९ मिलिमीटर पॅराबेलम पिस्तुलापेक्षा तीक्ष्ण वाटू शकतो. याचे कारण दुसऱ्या प्रकारात नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकून बरोबर मागे सरकतात, मग नळी तिरकी होऊन सुटते आणि धक्का अधिक काळावर पसरतो. ही 'जखडलेली' रचनाही मूळची ब्राउनिंगचीच. ताठ स्प्रिंगचा त्रास केवळ झाडतानाचा नाही. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे किंवा पकड मूळचीच हलकी आहे अशा व्यक्तीला ब्लोबॅक पिस्तुलाची स्लाइड मागे खेचणेच कठीण जाते, आणि खरेदीपूर्वी दुकानात रिकामे शस्त्र दहा वेळा उघडून-मिटून पाहण्याचा सल्ला या ग्रंथात पुन्हा पुन्हा दिला आहे तो यासाठी.

आखूडपणाची किंमत यंत्रालाही मोजावी लागते. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले .४५ बोअरचे पाच इंची पिस्तूल कापून लहान करण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत आणि कोल्टने १९८५ मध्ये आणलेले साडेतीन इंची 'ऑफिसर्स' हे त्यांतले नामांकित. परंतु स्लाइड आखूड व हलकी झाली की ती अधिक वेगाने मागे जाऊन परतते आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर उचलण्यासाठी मिळणारा अवकाश घटतो, त्यामुळे अशी छोटी रूपे मॅगझिन, काडतूस आणि स्प्रिंग यांच्या बाबतीत मोठ्या भावंडापेक्षा कितीतरी चोखंदळ असतात. याउलट मुळातच लहान म्हणून रचलेले पिस्तूल बहुधा अधिक भरवशाचे ठरते. १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेले 'कार' (Kahr) या शस्त्रनिर्मात्या कंपनीचे के९ हे त्याचे चांगले उदाहरण आहे: साडेतीन इंची नळी, मॅगझिनमध्ये सात काडतुसे, सुमारे ७०० ग्रॅम वजन, जाडी एका इंचाहून कमी आणि काडतूस नळीत चढवणारा उतार मध्यापासून एका बाजूला सरकवलेला, जेणेकरून चापाची पट्टी त्याच्या शेजारी खाली बसावी आणि हाताची पकड नळीच्या जवळ, वर यावी. पकड जितकी वर तितकी नळी कमी उसळते. याच काळात, १९९४ पासून २००४ पर्यंत, संघीय कायद्याने नव्या मॅगझिनची क्षमता दहा काडतुसांवर रोखलेली होती, त्यामुळे मोठे पिस्तूल घेऊन फारसा फायदा उरला नव्हता आणि लहान शस्त्रांच्या रचनेकडे कारखान्यांचे लक्ष वळले.

भारतातील परिस्थिती वेगळी आहे आणि ती अमेरिकेशी मिसळून वाचू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. परवाना जिल्हाधिकारी आणि मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुकांची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाला जागा दिली आणि सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते होल्स्टरमध्ये झाकलेले असावे असे बंधन घातले. ९ मिलिमीटर पॅराबेलम हे सेनादलांचे काडतूस सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने त्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ येते, आणि ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याचे 'अशनी' हे त्या बोअरचे पिस्तूल म्हणजे ब्राउनिंगच्या मूळ काडतुसाचाच भारतीय वारसा होय. निवडणुकांच्या काळात परवान्यावरची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात हे महाराष्ट्रातील परवानाधारकांच्या परिचयाचे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक बाब अत्यंत महत्त्वाची आहे: टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची गरज उरली नसली तरी एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवण्यास संघीय कायद्यानेच मनाई आहे, तिला शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, आणि राज्याची सूट या मनाईला लागू पडत नाही. ग्रीन कार्डधारकाची स्थिती निराळी असते. ज्या मित्राच्या घरी पिस्तूल आहे त्याच्याबरोबर सहज म्हणून नेमबाजीच्या मैदानावर जाण्यापूर्वीही व्हिसाधारकाने वकिलाचे मत घ्यावे.

शस्त्राची निवड झाल्यावर ते कोणत्या अवस्थेत बाळगायचे हा प्रश्न उभा राहतो. १९११ च्या घराण्यातील पिस्तुलांची रचना घोडा मागे ओढून, सेफ्टी लावून बाळगण्यासाठी केलेली आहे. पाहणाऱ्याला ते दृश्य भीतिदायक वाटते, परंतु त्या यंत्रात अंगठ्याची सेफ्टी, मुठीची दाबपट्टी आणि, १९८० च्या दशकापासूनच्या कोल्टच्या अनेक नमुन्यांत, पिस्तूल खाली पडले तरी पिन पुढे जाऊ न देणारा अडसर असतो. या पद्धतीत सेफ्टी काढण्याची सवय स्नायूंत मुरलेली नसेल तर आणीबाणीत नुसताच चाप ओढला जातो आणि काहीच घडत नाही. पीपीकेसारख्या पिस्तुलात पहिली जड आणि दुसरी हलकी अशा दोन वेगळ्या ओढी शिकाव्या लागतात. के९ मध्ये प्रत्येक ओढ सारखीच लांब आणि गुळगुळीत असल्याने शिकण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि नवशिक्याला हीच पद्धत द्यावी असे या ग्रंथाचे मत आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जेथे काडतूस बसते त्या पोकळीत, काडतूस न ठेवता पिस्तूल बाळगणारेही पुष्कळ असतात. हल्ल्याच्या वेळी दोन्ही हात मोकळे असतील हे त्यांचे गृहीतक बरोबर नाही, तरीही ज्याचा स्वतःच्या हातांवर अजून विश्वास बसलेला नाही त्याने काही आठवडे तसेच करणे श्रेयस्कर.

होल्स्टरवर खर्च करायला माणसे कुरकुरतात, पण अपघातांचा विचार केला तर पिस्तुलाइतकेच महत्त्व त्याला द्यावे लागते. कमरपट्ट्याच्या आत बसणारे होल्स्टर चापाचा सबंध भाग झाकणारे, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडे ठेवणारे आणि रुंद, ताठ पट्ट्यावर घट्ट बसणारे असावे. ७०० ग्रॅमचे पोलाद साध्या, लवचिक पट्ट्यावर दुपारपर्यंत बाहेर झुकते आणि सदऱ्याखालून त्याचा आकार दिसू लागतो. नरम, जुनाट चामड्याचे काठ आत दुमडून चापाला लागू शकतात. पिस्तूल बाहेर काढण्याचा सराव सर्वजण उत्साहाने करतात, प्रत्यक्षात चुकून गोळी सुटण्याचा मोठा धोका ते परत ठेवताना असतो: सदऱ्याचा काठ, जॅकेटची नाडी किंवा चापावर राहून गेलेले स्वतःचेच बोट होल्स्टरच्या कडेला अडकते आणि नळीचे तोंड त्या क्षणी मांडीकडे असते. म्हणून डाव्या हाताने कपडा छातीपर्यंत उचलून धरणे, बोट चापापासून दूर, स्लाइडच्या कडेला सरळ ठेवणे, घोडा असलेल्या पिस्तुलात अंगठा घोड्यावर दाबून ठेवणे आणि होल्स्टरकडे डोळ्यांनी पाहत सावकाश पिस्तूल आत सारणे, हा क्रम येथे तपशिलाने दिला आहे. परत ठेवण्याची घाई करण्याचे कोणतेही कारण कधीच नसते.

अमेरिकेतील आधुनिक पिस्तूल-शिक्षणाला शिस्त देणारे जेफ कूपर (१९२०-२००६), ज्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात गनसाइट ही प्रशालाही स्थापन केली, त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चार नियम जगभर शिकवले जातात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी कधी वळवू नये, नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्य कोणते व त्याच्यामागे काय आहे याची खात्री असावी. आखूड पिस्तुलाच्या बाबतीत दुसरा नियम पाळणे विशेष कठीण असते, कारण नळी इतकी लहान असते की स्लाइड खेचताना आधाराचा हात नकळत तिच्या तोंडापुढे येतो. पकडही वेगळी शिकावी लागते: करंगळीला मुठीवर जागा उरत नाही, आणि पीपीकेसारख्या पिस्तुलात हात फार वर गेला तर परतणारी स्लाइड अंगठा आणि तर्जनी यांमधल्या कातडीवर दोन समांतर ओरखडे काढते. पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझिन काढावे आणि नंतर स्लाइड मागे खेचावी. क्रम उलटा झाला तर स्लाइड मिटताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस गुपचूप चेंबरमध्ये जाते, आणि हातात मॅगझिन धरून 'आता रिकामे आहे' असे समजणारा माणूस भरलेले शस्त्र घेऊन उभा असतो. त्यामुळे चेंबर डोळ्यांनी पाहून, अंधार असल्यास करंगळीचे टोक घालून, दोनदा तपासावे. घरात मूल असेल तर अंगावर नसलेले पिस्तूल कुलूपबंद पेटीतच असले पाहिजे. उशीखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा मोटारीच्या खणात ठेवण्याला या ग्रंथात कोणत्याही परिस्थितीत संमती दिलेली नाही.

पोलादाची निगा हा शेवटचा आणि दुर्लक्षित भाग आहे. जुन्या पिस्तुलांवर असलेली निळसर-काळी झिलई दिसायला देखणी असली तरी घामातल्या क्षारांपुढे ती फारशी टिकत नाही, आणि कमरेच्या आतल्या बाजूस, जेथे शरीर व धातू दिवसभर एकमेकांना लागून असतात, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतही तांबूस ठिपके उमटू शकतात. स्टेनलेस पोलाद गंजाला अधिक काळ दाद देत नाही, मात्र ते अजिबात गंजत नाही हा समज खोटा आहे. शिवाय १९७० च्या दशकातल्या पहिल्या स्टेनलेस पिस्तुलांत एकाच जातीचे पोलाद एकमेकांवर घासून खरवडले जाई आणि स्लाइड अडकून पडे, पुढे दोन भागांच्या धातूची जात व कठीणपणा वेगवेगळा ठेवून हा दोष दूर करण्यात आला. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसणे, आठवड्यातून एकदा स्लाइड ज्या खाचांतून सरकते त्यांना तेलाचा थेंब देणे आणि नळीतली कापडाची धूळ झटकणे एवढे पुरते. काडतुसांकडेही लक्ष हवे: रोज रिकामे करून रोज भरणाऱ्याच्या पिस्तुलात तेच ते वरचे काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटते आणि गोळी हळूहळू पितळी नळकांड्यात मागे दबत जाते, आतली जागा घटल्याने झाडताना दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो, म्हणून ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे करून लांबी पडताळावी आणि आखूड दिसल्यास वापरातून काढून टाकावे. आखूड पिस्तुलाची परतीची स्प्रिंग मोठ्या पिस्तुलातल्या स्प्रिंगपेक्षा कमी जागेत अधिक दाबली जात असल्याने लवकर थकते. झाडलेली रिकामी काडतुसे नेहमीपेक्षा दूर उडू लागली किंवा स्लाइड शेवटच्या टप्प्यात पूर्ण मिटेनाशी झाली, की ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला झाडलेल्या गोळ्यांचा आकडा त्याआधीच गाठला गेला असेल तर या लक्षणांची वाट न पाहता नवी स्प्रिंग घालावी आणि बाळगण्याच्या काडतुसांच्या किमान एक-दोन मॅगझिन मैदानावर झाडून पाहिल्यानंतरच पिस्तूल पुन्हा कमरेला लावावे.